मुलीने भरलेले तीन दात

सरकी दाताखाली धरून फोडली की कापूस किती ओला आहे ते कळतं. कोरडी असेल तर कट्ट आवाज येतो, ओली असेल तर नुसती चेपते. आता त्यासाठी यंत्र आलंय. पण लोहाऱ्याकडच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी तीस वर्षं ग्रेडरचं काम केलं ते हाताने आणि दाताने. गाडी आत आली की मी मधोमध हात खुपसून कापसाचा पुंजका काढायचो, धागा ओढून पाहायचो, एक सरकी डाव्या बाजूच्या दातांत धरायचो आणि सांगायचो, "चालेल" किंवा "ओला आहे". समोरचा कितीही बोलला तरी माझा शब्द बदलत नसे. मला त्याचा माज होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्याच डाव्या बाजूच्या वरच्या तीन दातांच्या मुळांशी खाचा पडल्या होत्या. सुळा आणि त्याच्या मागचे दोन. एक तर ती सरकी, आणि दुसरं म्हणजे माझं दात घासणं. कडक ब्रश, लाल दंतमंजन आणि जळक्या पातेल्याला लावावा तेवढा जोर. असं घासल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं मला वाटायचंच नाही. शिवाय दिवसाला तीन-चार खर्रे व्हायचे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्याकडे चहासारखा चालतो. समोरच्याने पुढे केला आणि आपण नाही म्हटलं, तर त्याला राग येतो.

या खाचांची आमच्या घरात आनंदाने दखल घेणारं एकच माणूस होतं, ती माझी मुलगी. ती तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. दिवाळीला घरी आली, मला अंगणात खुर्चीवर बसवलं, मान मागे करायला लावली, टॉर्च मारला आणि ओरडलीच.

"आई, इकडे ये! बाबाच्या तोंडात माझी अख्खी परीक्षा हाये!"

त्यांच्या कॉलेजात रीत अशी की परीक्षेचा पेशंट विद्यार्थ्यानेच शोधून आणायचा. ज्याला जसा दात हवा, तसा दात असलेला माणूस. पोरं बसस्टँडवर, भाजीबाजारात लोकांची तोंडं पाहत फिरायची. मिळालेला माणूस ऐन वेळी पळून जाऊ नये म्हणून त्याला नाश्ता घालायची. माझ्या मुलीला घरातच तीन खाचा सापडल्या होत्या. दोन तिने आधी भरल्या, सरावाच्या म्हणून, तिच्या मॅडमच्या देखरेखीत. तिसरी परीक्षेसाठी राखून ठेवली.

त्या दोन खाचा भरताना मी तिला पहिल्यांदा काम करताना पाहिलं. घरी जी मुलगी दूध उतू जाऊ द्यायची, तिचा हात तिथे इतका शांत होता की मला झोप आली. मी तिला तसं सांगितलंही नाही. आमच्याकडे मुलांच्या तोंडावर त्यांचं कौतुक करत नाहीत, आणि मी तर कापसाचंही कधी केलं नव्हतं.

परीक्षेच्या आठ दिवस आधी तिचा फोन आला. "बाबा, आता खर्रा बंद. सुपारीचा कणही नाही पाह्यजे तोंडात. हिरडीतून रक्त आलं ना, तर खाच भरायचं सिमेंट बसत नाही. सगळं वाया जाते."

"बंद केला," मी म्हणालो. आणि सात दिवस खरोखर बंद ठेवला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आठला बोलावलं होतं. मी नवा शर्ट घालून, इस्त्रीची पँट घालून साडेसातलाच हजर. बाकावर माझ्यासारखे आणखी दहा-बाराजण बसले होते. एकाचा दात पुढून तुटलेला, एकाचा किडलेला. नऊ वाजले, दहा वाजले. आतून एक पोरगी रडत बाहेर आली आणि तिचा पेशंट ओशाळून चपला शोधू लागला. तीस वर्षं मी दुसऱ्याच्या मालावर निकाल दिला होता, आणि आता माझ्या मुलीच्या कामावर कुणीतरी देणार होतं, तेही माझ्याच तोंडात. मला ते सहन होईना. गेटसमोर टपरी होती. मी उठलो आणि गेलो.

एकच खाल्ला. पाच मिनिटांत थुंकलाही. मग घाबरलो. वास येईल, डाग दिसतील, मास्तर लोक ओळखतील. टपरीवरच ब्रश मिळाला, होता तेवढ्यात सर्वांत कडक. कॉलेजच्या नळावर उभा राहून मी असं घासलं की आयुष्यात तेवढं घासलं नसेल. डाग गेले. वरून मूठभर बडीशेप चावली. चूळ थुंकली तेव्हा पाणी लाल होतं.

साडेअकराला तिने मला खुर्चीवर घेतलं. तोंड उघडलं, ती वाकली आणि थांबली. तोंडाला मास्क होता, त्यामुळे डोळे तेवढे दिसत होते. त्या डोळ्यांनी तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कामाला लागली. कापूस लावायची, दाबून धरायची, काढायची, पुन्हा दुसरा लावायची. रक्त थांबायचं आणि परत यायचं. घड्याळ लावलेलं होतं. शेवटी तिने सिमेंट कालवलं आणि भरलं. तिचा हात तेव्हाही शांत होता, ही गोष्ट मी शपथेवर सांगू शकतो.

परीक्षक बाहेरून आलेले होते. वयस्कर, चष्मा नाकावर. त्यांनी आरसा घालून पाहिलं, टोकदार सुईने सिमेंटची कड तपासली.

"इतकं रक्त कशाने आलं?" त्यांनी विचारलं.

"सर, माझ्याच हातून लागलं," मुलगी म्हणाली.

माझ्या तोंडात थुंकी ओढणारी नळी होती. नळी बाजूला करून दोन शब्द बोलायला कितीसा वेळ लागतो? मी छताकडे पाहत राहिलो. छतावरचा पंखा हळू फिरत होता.

ती नापास झाली. त्या एकाच विषयात. सहा महिन्यांनी पुन्हा बसता येत होतं, पण ती बसली नाही. "माझा हात नाही त्या कामाचा," एवढंच म्हणाली. तिने नव्याने बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, लग्न झालं, आणि आता पुसदला एका शाळेत विज्ञान शिकवते. चांगली शिकवते असं ऐकतो. पोरं तिला घाबरतात आणि दुसऱ्या शाळेत गेली तरी भेटायला येतात.

मी खर्रा त्याच दिवशी सोडला. घरी सगळ्यांना वाटलं, मुलगी नापास झाल्याचा धक्का बसला. बायको म्हणाली, "चला, एवढं तरी बरं झालं." मी स्वतःची समजूत अशी घातली की मुलीला खरंच वाटलं असेल, हत्यार आपल्याच हातून लागलं. मग आता सांगून काय उपयोग? झालं ते झालं. असं करता करता पंधरा वर्षं गेली.

मागच्या हिवाळ्यात थंड पाण्याने कळा येऊ लागल्या. आरशात पाहिलं तर डावीकडची हिरडी वर सरकलेली, दात लांब दिसत होते आणि मुलीने भरलेलं सिमेंट पिवळट होऊन उघडं पडलं होतं. सिमेंटच्याही वर मूळ दिसत होतं. उन्हाळ्यापर्यंत अंगावर काढलं, मग यवतमाळातल्या एका हिरड्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने माझ्या मुलीएवढ्याच. त्यांनी सांगितलं की तोंडातल्या टाळूतून मांसाचा पातळ तुकडा काढून मुळांवर बसवावा लागेल आणि त्यावर हिरडी ओढून टाके घालावे लागतील. नाहीतर हिरडी अशीच सरकत जाईल आणि दात हलायला लागतील.

"पण काका, या मुळांवर आधीचं सिमेंट आहे," त्या म्हणाल्या. "नुसतं मूळ असलं की हिरडी त्याला चिकटून भरून येते. सिमेंटला ती चिकटत नाही, नुसती टेकून राहते. सिमेंट पक्कं असेल, गुळगुळीत असेल, कडेला फट नसेल, तर टेकलेली हिरडीही वर्षानुवर्षं टिकते. मग आपण ते तसंच ठेवू. फट असेल तर मात्र काढावं लागेल. नाहीतर आत घाण साचून सगळी मेहनत वाया जाईल."

"ते कधी कळेल?"

"हिरडी उघडल्यावर. कुठल्या डॉक्टरांनी भरलं होतं?"

"माझ्या मुलीने," मी म्हणालो. "पंधरा वर्षांपूर्वी, शिकत असताना."

"अरे वा! कुठे असतात मॅडम? प्रॅक्टिस कुठे करतात?"

"पुसदला," मी म्हणालो. "शाळेत शिकवते."

त्यांनी पुढे विचारलं नाही. तंबाखू खाता का, हे विचारलं. सोडून पंधरा वर्षं झाली म्हटल्यावर खूश झाल्या. "बरं केलंत. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात हा तुकडा जगणं कठीण असतं."

ऑपरेशनला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मला हिरडीची फिकीर फारशी वाटली नाही. दात गेले तर गेले, वय झालं. मला एवढंच कळायला हवं होतं की त्या सिमेंटला फट आहे की नाही. माझ्या मुलीने सगळ्या जन्मात मिळून माणसांचे जे थोडे दात भरले, त्यातले तीन माझ्या तोंडात होते. बाकीची माणसं कुठे असतील कोण जाणे. तिचा हात कसा होता याचा पुरावा म्हणून माझ्याजवळ एवढंच होतं. आणि त्यातला तिसरा दात काय सांगणार, हे मला आधीपासून ठाऊक होतं.

ऑपरेशनच्या दिवशी जागा बधिर केली. डोळ्यांवर कापड टाकलं, त्यामुळे फक्त ऐकू येत होतं. टाळूतून तुकडा काढला तेव्हा दुखलं नाही, पण काहीतरी निघालं हे कळलं. मग त्यांनी डावीकडची हिरडी उघडली. बराच वेळ नुसता खरवडल्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, गेलं. तिन्ही गेले.

मग बाई त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरला म्हणाल्या, "हे बघ. सुळ्याचं बघ. सुई फिरव कडेने. अडकते कुठे?"

"नाही मॅडम."

"मागचं बघ. तेही तसंच. पंधरा वर्षांपूर्वीचं आहे. विद्यार्थिनी असताना केलेलं. हे ठेवायचं, फक्त वरून घोटून घेऊ."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कापड होतं म्हणून कुणाला दिसलं नाही.

"तिसऱ्यात मात्र सुई आत जाते," त्या म्हणाल्या. टक् असा बारीक आवाज झाला आणि माझ्या दातावरचं काहीतरी सुटलं. "हे बघ, आपणहूनच निघालं. खालून सगळी ओल. हे भरताना रक्त येत असणार. आकार बघ किती छान दिलाय. हातात दोष नाही, जागाच ओली होती."

मला बोलता येत नव्हतं. यावेळी खरोखरच येत नव्हतं.

पहिले काही दिवस बोलायचं नाही, ओठ ओढून पाहायचा नाही, त्या बाजूने चावायचं नाही, ब्रश लावायचा नाही. पातळ आणि गार खायचं. शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या, म्हणून मुलगी पुसदहून येऊन राहिली. ताकभात कुस्करून द्यायची, औषधाचं पाणी मोजून द्यायची, मी विसरून ब्रश उचलला की हातातून काढून घ्यायची. एकदा मी आरशासमोर ओठ वर करू लागलो तर मागून ओरडली, "बाबा! टाके तुटतीन ना! जरा धीर धरा." तिची आई माझ्याशी ज्या सुरात कधी बोलली नाही, त्या सुरात. मला ते आवडलं. मनात आलं, ही किती जणांना असं ओरडली असती. किती तोंडं हिने वाचवली असती.

या दिवसांत मला बोलायची मनाई होती, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला तिच्याशी बोलायचं होतं.

बारा दिवसांनी टाके काढायला ती माझ्याबरोबर आली. बाईंनी तिला खुर्चीजवळ बोलावलं. दोघी माझ्या तोंडावर वाकल्या. तुकडा जगला होता, गुलाबी झाला होता.

"ताई, तुमची दोन फिलिंग मी ठेवली," बाई म्हणाल्या. "आत हिरडीखाली आहेत. काढायची गरजच पडली नाही. तिसरं काढावं लागलं, रक्तावर बसलेलं होतं. पण हात तुमचा फार चांगला होता हं. सोडलं कशाला?"

मुलगी हसली आणि म्हणाली, "झालं तसं." मग तिने माझ्या तोंडात एकदा बराच वेळ पाहिलं.

तिची पुसदची गाडी दोनची होती. स्टँडसमोर रसवंतीत बसलो. तिने माझ्या ग्लासातली नळी काढून टाकली. "ओढून नाही प्यायचं. घोट घोट घ्या, थंड हाये, बरं वाटंन." मी एक घोट घेतला आणि सांगून टाकलं. टपरी, खर्रा, ब्रश, नळ, लाल पाणी. परीक्षकांनी विचारलं तेव्हा मी जागा होतो आणि ऐकत होतो, तेही सांगितलं. जीभ जड होती, शब्द नीट येत नव्हते, पण एकही गोष्ट ठेवली नाही. तिने मध्ये थांबवलं नाही.

"मले माहीत हाये, बाबा," ती म्हणाली. "तुमी तोंड उघडलं तवाच वास आलता. बडीशेप खाल्ली तरी येते तो."

"मंग सरले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर सगळ्याईच्या समोर तुमालेच बोलले असते ते. नवा शर्ट घालून आलते तुमी."

मला वाटलं, संपलं. इतकी वर्षं जे छातीवर होतं ते तिला माहीतच होतं आणि तिने माफही केलं होतं. मी रडत होतो, आणि हलकंही वाटत होतं, हे लाजिरवाणं असलं तरी खरं आहे. मी म्हणालो, "माह्या एका खर्ऱ्यापायी तुई डॉक्टरकी गेली, बाई."

"खर्ऱ्यापायी नाही गेली," ती म्हणाली. "एका विषयात नापास झाल्यानं कोणी सोडते का? सहा महिन्यानं बसणार होते मी. फॉर्मही आणला होता."

"मंग?"

तिने ग्लास खाली ठेवला. आवाज चढला नव्हता, वर्गात एखादी गोष्ट समजावून सांगावी तसा होता.

"नापास झाल्यावर मी घरी आलते, त्या रविवारी काका-काकू आलते. तुमी त्याईले म्हणत होते, पोरीचा हातच थरथरला. तिच्यानं नाही होत ते काम. मी आतमधी चहा गाळून राह्यले होते. मले वाटलं, बाबाले माहीत हाये की हात थरथरला नाही. सगळं माहीत असून असं म्हणून राह्यले, म्हणजे बाबालेच मी डॉक्टर व्हावं असं वाटत नाही. त्या दिवशी सोडलं मी."

पुसदच्या गाडीचा पुकारा झाला. तिने पिशवी खांद्याला लावली, औषधाचं पाणी अजून आठ दिवस घ्या म्हणाली, आणि गेली.

ते वाक्य मला आठवत नाही. गाडी निघून गेल्यावर तिथेच बसून मी खूप आठवून पाहिलं, नंतरही रोज आठवून पाहतो. तो रविवार आठवतो. भाऊ आणि वहिनी आलेले आठवतात. मुलगी आतून चहा घेऊन आली होती, आणि साखर कमी आहे म्हणून मी तिला परत पाठवलं होतं.